उभ्या गाडीचं गरम चाक

१

दुपारभर गाडी शेडमधून हलली नव्हती, यावर सगळ्या घराचं एकमत होतं. फक्त मागचं डावं चाक गरम होतं.

दादांच्या ते लक्षात आलं चष्म्यामुळे. दुपारची झोप आटोपून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, तर चष्मा नाही. सकाळी गाडीत राहिला असणार म्हणून ते स्वतः खाली शेडमध्ये गेले. मागचं दार उघडताच चष्मा सीटवरून घसरून खाली पडला. तो उचलायला वाकताना त्यांनी आधाराला चाकाच्या मधल्या लोखंडी भागावर हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. काहीतरी करपल्याचा वासही येत होता.

दादा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवणारी पोरं त्यांनी हयातभर पाहिलेली. ते तडक शेडमागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या खोलीत त्यांचा ड्रायव्हर राहत असे. सगळं घर त्याला मामा म्हणायचं आणि मामांना त्या खोलीशिवाय दुसरं घर नव्हतं.

"गाडी बाहेर काढली होती?" दादांनी विचारलं.

"नाही साहेब. मी जेवल्यापासून इथंच आहे. गाडी हलली असती तर मला आवाज आला नसता का?"

दादा जिना चढून गेले. दुसऱ्या दिवसापासून गाडी गुणगुणायला लागली. वेग वाढला की मागून कुठूनतरी घूंऽऽ असा जड आवाज येई आणि वेग कमी केला की विरून जाई. दादांनी मामांना विचारलं, तर मामा आरशात त्यांच्याकडे बघून म्हणाले, "कसला आवाज, साहेब? मला तर काही येत नाही."

आता मात्र दादांच्या मनात काही शंका उरली नाही. हा माणूस आपण झोपलो की गाडी घेऊन उंडारतो, गाडीची वाट लावतो आणि वर तोंडावर खोटं बोलतो. त्यांनी निर्णय घेतला आणि तो फक्त बायकोला सांगितला.

वहिनींनी लगेच नणंदेला फोन लावला. "वन्सं, आज संध्याकाळी हे मामांना काढून टाकणार आहेत. म्हणे, खोलीही रिकामी करा. तुम्ही या आणि काय ते शोधून काढा. मामांनी असं काही केलं असेल, हे माझ्या मनाला पटत नाही."

वहिनींची नणंद, म्हणजे दादांची धाकटी बहीण. घरात तिला सगळे आत्या म्हणत. ती विमा कंपनीत सर्व्हेअर होती. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक खरं बोलतोय की नाही ते ठरवायचं, यात तिचा जन्म गेला होता. गाडी झाडावर आदळली म्हणणाऱ्याला ती आधी झाड दाखवायला सांगे. निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. सख्ख्या भावाकडे आली तरी आधी तिनं सगळ्यांच्या चपला पाहिल्या, कोण घरात आहे आणि कोण नाही ते बघायला.

सगळे घरात होते. आणि तिला बघून वहिनी सोडल्या तर कुणालाच आनंद झालेला दिसला नाही.

२

"मी गाडी चालवते, तू नेहमीच्या जागी मागे बस," आत्या भावाला म्हणाली. "आणि मला तो आवाज ऐकव."

गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागेपर्यंत गाडी गुमान होती. आत्यानं वेग वाढवला आणि घूंऽऽ सुरू झालं. छातीत उमटावं तसं, आणि एकसारखं. तिनं क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली. इंजिनचा आवाज खाली बसला, गुणगुणणं मात्र तसंच राहिलं आणि गाडी हळू होईल तसं उतरत गेलं.

"म्हणजे इंजिन नाही," आत्या म्हणाली. "जे काही आहे ते चाकांपाशी आहे. दादा, त्या दुपारी बाकीची चाकं कशी होती?"

"गार. मी तिन्हींना हात लावून पाहिला. मी काय मूर्ख आहे?"

"पुढची दोन्हीही गार?"

"सांगितलं ना एकदा."

आत्यानं गाडी घराकडे वळवली. कुणी गाडी बेफाम पळवून दाबून ब्रेक मारले, तर आधी पुढची चाकं तापतात. एकटं मागचं डावंच तापणं तिला मुळीच आवडलं नाही.

"घरात कोण होतं तेव्हा?"

"मी झोपलो होतो. तुझी वहिनी शेजारी गेली होती. चिरंजीव ऑफिसात. सूनबाई घरात होती, पण ती गाडीला कधी हात लावत नाही. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. उरलं कोण, तूच सांग." दादांचा आवाज चढला. "आणि आताशा त्यांचा तोरा बघितलास? मी मागे बसून चार गोष्टी सांगतो, तर हूं नाही की चूं नाही. भिंतीशी बोलावं तसं. माणूस एकदा खोट्यात गुंतला की बोलणं टाळतो. शाळेत हेच पाहत आलो मी."

परत येऊन तिनं गाडी शेडमध्ये लावली आणि सवयीनं तिचा हात दोन सीटांमधल्या हँडब्रेककडे गेला.

"हां हां, तो ओढू नकोस," दादा मागून म्हणाले. "आमच्याकडे पहिल्या गिअरमध्ये टाकतात आणि चाकाला लाकडी ठोकळा लावतात. फार वर्षांपूर्वी प्रवासात हँडब्रेक अडकला होता, तेव्हापासून मामांनी तो वापरणंच सोडलंय. चिरंजीवालाही त्यांनी तसंच शिकवलं."

दादा वर गेले. आत्या ठोकळा लावून उठली, तर मामा शेडच्या टोकाला तिच्याकडे पाठ करून गाडीच्या काढलेल्या पायपुसण्या झाडत होते. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं मुद्दाम अचानक विचारलं, "मामा, त्या दुपारी गाडी कोणी नेली होती?"

मामांचा हात थांबलासुद्धा नाही. त्यांनी आणखी एक पायपुसणी झाडली, घडी घातली, मग वळले आणि आत्याला इतक्या जवळ उभी बघून दचकले.

"ताई, तुम्ही? कधी आलात?"

आत्यानं आयुष्यात खूप खोटी माणसं पाहिली होती. एवढ्या थंड डोक्यानं प्रश्न गिळणारा माणूस मात्र तिला पहिल्यांदाच भेटत होता. वहिनींच्या मनाला काहीही पटो न पटो, आपल्या भावाचंच खरं असावं, असं तिला वाटायला लागलं.

३

मग चिरंजीवानं गाडी चालवली आणि आत्या मागच्या सीटवर आडवी होऊन, कान सीटला लावून ऐकत राहिली. नवं डांबर पडलेला गुळगुळीत रस्ता लागला, तरी आवाजात काडीचा फरक पडला नाही. टायर गुणगुणत असते तर रस्त्याबरोबर त्यांचा सूर बदलला असता.

"आता गाडी जरा उजवीकडे झोकात वळव. मग डावीकडे."

उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या अंगावर आला आणि आवाज चांगलाच वाढला. डावीकडे वळताना जवळजवळ बंद झाला. म्हणजे रोग डाव्या बाजूला, आणि कानाला लागत होता त्यावरून मागे. गरम झालं होतं तेच चाक.

"मी तर म्हणतच होतो, विकून टाका हे धूड," चिरंजीव म्हणाला. "नवी गाडी घेतली तर ड्रायव्हरही लागणार नाही. मीच चालवेन."

"मग मामांनी जायचं कुठे?"

"ते बाबांनी ठरवायचं." त्यानं आरशात बघायचं टाळलं.

"त्या दुपारी तू कुठे होतास?"

"ऑफिसात. आणखी कुठे असणार?"

"तुझी आई म्हणते, तिनं तीनच्या सुमाराला ऑफिसात फोन केला होता. तू जागेवर नव्हतास."

गाडी एकदम हळू झाली. चिरंजीवाचे कान लाल झाले. लहानपणी काच फुटली की व्हायचे तसेच. "आत्या, बाबांना सांगू नकोस. मी नव्या गाड्यांच्या दुकानात गेलो होतो. मित्र होता बरोबर, हवं तर विचार त्याला. एक गाडी बघून ठेवलीय."

गाडी बिघडली तर ज्याचं भलं होणार होतं, तो माणूस नेमका त्याच वेळी नेमलेल्या जागी नव्हता. आत्यानं ते मनात टाचून ठेवलं. घरी आल्यावर तो उतरायच्या आधी तिनं मुद्दाम डोळे मिटून घेतल्यासारखं केलं आणि पापण्यांखालून पाहत राहिली. त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, बाहेर पडला आणि न बघता पायानंच ठोकळा चाकाखाली सारला. हँडब्रेककडे त्याचं लक्षही गेलं नाही.

"ठीक आहे," आत्या स्वतःशी म्हणाली. "आता चाक उघडल्याशिवाय कुणाचंच काही खरं नाही."

४

गॅरेज दाखवायला वहिनींनी सूनबाईला बरोबर दिलं. सूनबाई आत्याशेजारी पुढे बसली, पदरात हात घेऊन, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवल्यासारखी.

वाटेत चढावर गाड्या अडकल्या. आत्या ब्रेकवर पाय दाबून थांबली. तिच्या लक्षात आलं की सूनबाईचा उजवा हात सीटांच्या मधे आला, अर्ध्यात थांबला आणि परत मांडीवर गेला. तिथे पाण्याची बाटली होती.

"तहान लागलीय का? घे ना."

"नाही, नको."

"तुला येते का गाडी?"

"लग्नाआधी यायची. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते. इथे मामा असतात, त्यामुळे वेळच आली नाही."

"मामांना आज काढणार आहेत, ठाऊक आहे ना?"

सूनबाई एकदम वळली. "आज? बाबा तर नुसते चिडलेत ना? ते चार दिवस तापतात आणि मग विसरतात."

"या वेळी नाही विसरणार."

ती खिडकीबाहेर बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामांनी काही केलेलं नाही, आत्या."

"तुला काय माहीत?"

"माहीत नाही. वाटतं."

ज्याला नुसतं वाटतं तो माणूस इतक्या ठामपणे बोलत नाही, हे आत्याला कळत होतं. पण तेवढ्यात रस्ता मोकळा झाला आणि मागच्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

गॅरेजच्या मिस्त्रीनं गाडी वर उचलून मागचं डावं चाक हातानं फिरवलं. खरखर ऐकू आली. त्यानं चाक काढलं, मग त्यामागचा ब्रेकचा ड्रम काढला आणि शीळ घातली.

"बाई, हे बघा. बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन सगळं बाहेर आलंय. कोरडं फिरून फिरून बेअरिंग गेलं, तेच गुणगुणतंय. ब्रेकचे लायनरही जळून काचेसारखे झालेत. या चाकाला कुणीतरी ब्रेक लागलेला असताना पळवलंय."

"एकाच चाकाला ब्रेक कसा लागेल?"

मिस्त्रीनं गाडीखाली वाकून बॅटरी मारली. "हँडब्रेकची केबल. दोन्ही चाकांना दोन जातात. वर्षानुवर्षं न वापरल्यानं गंजल्यात. ओढली की घट्ट होतात, पण सोडली की डावी मागे सरकतच नाही. हा गंज बघा, ताजा खरवडलाय. आत दांडा खाली पडतो, आपल्याला वाटतं ब्रेक सुटला." तो हसला. "पण या गाडीचा हँडब्रेक ओढेल कोण? मामा तर त्याला शिवत नाहीत. मला दहा वेळा सांगितलंय, तुम्हीही ओढू नका म्हणून."

आत्यानं मागे वळून पाहिलं. सूनबाई गॅरेजच्या दारापाशी उभी होती. केबलचं बोलणं सुरू झाल्यापासून तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"बेअरिंग, लायनर आणि दोन्ही केबल नव्या टाका," आत्या मिस्त्रीला म्हणाली. आणि मग सूनबाईला, अगदी हळू, "घरी जाऊन बोलू. आधी मला मामांना भेटायचंय."

"आत्या, मामांना नका काही विचारू," सूनबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हवं तर माझं नाव सांगा. पण मामांना काही विचारू नका."

गाडी नेली होती सूनबाईनं, हे आत्याला उमगलं होतं. मग ही पोरगी स्वतःपेक्षा मामांसाठी का घाबरत होती?

५

मामांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत्यानं कडी वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली, जोरात. दाराच्या फटीतून तिला मामा दिसले, पाठमोरे, जमिनीवर बसून ट्रंकेत कपडे भरत होते. आपल्याला काढणार आहेत, हे त्यांना समजलं होतं तर. कोपऱ्यात स्टोव्हवर चहाचं पातेलं उकळून वर आलं होतं, झाकण थडथड नाचत होतं आणि चहा उतू जाऊन चर्र चर्र करत होता. मामा त्यापासून हातभर अंतरावर बसून शांतपणे सदरा घडी करत होते.

आत्या दारातच उभी राहिली. दिवसभर जे जे तिनं गुन्हेगाराचं लक्षण म्हणून टिपून ठेवलं होतं, ते सगळं एकेक करून उलटं फिरलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

ती आत गेली, स्टोव्ह बंद केला आणि मामांच्या समोर जाऊन बसली.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

मामा तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं, सांडलेल्या चहाकडे पाहिलं.

"हळूहळू कमी होत गेलं, ताई. आधी पाखरं गेली. मग हॉर्न. समोरून बोललेलं कळतं, तोंड दिसलं पाहिजे. साहेब मागे बसून बोलतात ते आरशात बघून ओळखायचो. पण ते खाली मान घालून पुटपुटतात, तेव्हा काय करायचं?" ते थांबले. "आवाजाचं विचारलं तेव्हा वाटलं, असेल. पण काय सांगणार? मला खरंच येत नव्हता."

"आणि त्या दुपारी गाडी शेडमधून गेली, परत आली, तेही कळलं नाही."

मामांचा चेहरा बदलला. "गेली होती?" त्यांनी ट्रंकेच्या कडेला हात टेकला. "तरीच दुसऱ्या दिवशी उठताना जड उठली आणि मग एकदम मोकळी झाली. मी छातीठोक सांगितलं साहेबांना, हलली नाही म्हणून. मला वाटलं, एवढी मोठी गाडी दाराशी चालू झाली तर तेवढं तरी ऐकू येईल."

आत्यानं सांडलेला चहा फडक्यानं पुसला. खूप वाईट वाटत होतं तिला.

"ताई, एक करा," मामा म्हणाले. "साहेबांना हे सांगू नका. गाडी उंडारली म्हणून काढलं तर दुसरीकडे कुठेतरी स्टिअरिंग मिळेल. थोडी शरम वाटेल, पण मिळेल. बहिरा म्हणून काढलं तर कुठेच मिळायचं नाही."

"तुम्ही असे रस्त्यावर गाडी चालवता, हे बरोबर आहे का?"

मामांनी मान खाली घातली. ही एक गोष्ट त्यांनाही ठाऊक होती.

आत्या उठली. तिनं खोटा अहवाल कधी दिला नव्हता. आणि तिचा भाऊ वर दिवाणखान्यात घड्याळाकडे बघत बसला होता.

६

सगळे जमले. दादा खुर्चीत, वहिनी त्यांच्या मागे उभ्या, चिरंजीव खिडकीशी. मामा दारात, जिथून सगळ्यांची तोंडं दिसत होती. आता तरी ही जागा त्यांनी का निवडली ते आत्याला कळत होतं.

"आवाज बेअरिंगचा होता," ती म्हणाली. "बेअरिंग गेलं उष्णतेनं. उष्णता आली अडकलेल्या हँडब्रेकनं. म्हणून एकच चाक तापलं आणि पुढची गार राहिली. आता हँडब्रेक ओढला कोणी? दादा, तू ओढणार नाहीस, मला ओढू दिला नाहीस. चिरंजीव ओढणार नाही, त्याला मामांनी शिकवलंय, गाडी लावताना मी पाहिलं. मामांनी तर तो वापरणंच सोडलंय. गाडी नेली ती अशा माणसानं, ज्याला गाडी येते पण जो या घरात शिकलेला नाही. चढावर थांबलं की ज्याचा हात आपोआप तिकडे जातो."

"आज तुमच्या शेजारी बसून माझाच हात गेला," सूनबाई म्हणाली. तिनं वाट बघितली नाही. "बाबा, गाडी मी नेली होती. माझ्या वडिलांचा फोन आला. ते बाथरूममध्ये घसरले होते, उठता येत नव्हतं. त्यांच्या घराशी चढ आहे, तिथे मी हँडब्रेक ओढला. येताना गाडी ओढल्यासारखी चालत होती, वासही येत होता. वाटलं, सवय गेलीय म्हणून. वडिलांनी शपथ घातली, सासरी सांगू नकोस, म्हणतील एकटे राहू नका."

वहिनी तिच्याजवळ गेल्या. "लागलं का गं त्यांना फार?"

"नाही. मुका मार आहे."

दादांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांच्यातला मुख्याध्यापक जागा झाला. "पण मग मामा कुठे होते? ते घरी असताना तू का नेलीस? त्यांना हाक का नाही मारलीस?"

हाच प्रश्न. याच्याच भीतीनं ती इतके दिवस तोंड शिवून बसली होती. आत्यानं तिच्याकडे पाहिलं. सूनबाई मामांकडे न बघता बोलली.

"घाईत होते, बाबा. मी हाकच मारली नाही."

तिला खोटं बोलायची अजिबात सवय नव्हती. दादांनासुद्धा ते दिसलं असावं, पण त्यांना दुसरंच काही सुचलं. ते मामांकडे वळले. "म्हणजे तुम्ही झोपला होतात. गाडी दारातून गेली आणि तुम्ही घोरत होतात. तेवढंच ना?"

सुटायला दार उघडं होतं. हो म्हटलं की झालं असतं. दादा कुरकुरले असते, दोन दिवसांनी विसरले असते, खोली राहिली असती, गाडीही राहिली असती. आत्यानं मामांकडे पाहिलं. हे तिनं सांगायचं नव्हतं, त्यांनी सांगायचं होतं.

मामा सूनबाईकडे बघत होते.

"नाही साहेब," ते म्हणाले. "मी जागा होतो. त्यांनी हाक मारली असणार. दारही वाजवलं असणार. मला ऐकू येत नाही."

सूनबाई रडायला लागली. "खूप वाजवलं, मामा. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात. मला तेव्हाच कळलं."

मामांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली आणि दादांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. दादा त्या किल्लीकडे बघत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "ट्रंक भरली असेल तर रिकामी करा. कुठे जायचं नाहीये." पण ते टेबलाकडे बघून बोलले होते आणि आत्याला तेच वाक्य मामांसमोर जाऊन पुन्हा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघेजण कानाच्या डॉक्टरकडे निघाले. गाडी सूनबाई चालवत होती, मामा शेजारी, दादा आणि आत्या मागे. सरळ रस्त्याला सूनबाईनं वेग वाढवला. गुणगुण नव्हती. नुसता वारा होता.

दादा आपल्या नेहमीच्या जागी मान खाली घालून बसले होते. बाजारपेठ आली, तेव्हा ते पुटपुटले, "मामा, चूक झाली माझी. मी तुम्हाला खोटारडा ठरवलं."

पुढच्या सीटवरची मान हलली नाही.

दादा वाट बघत होते. त्यांना वाटलं, राग असणार, आणि असला तर वाजवी आहे. आत्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दादा, त्यांना तू काही बोललास हेच माहीत नाही."

दादांनी बहिणीकडे पाहिलं. आयुष्यात कुणाची माफी मागायची सवय नव्हती, आणि एकदा कशीबशी मागितली होती तर ती पोचलीच नव्हती. "सूनबाई, गाडी बाजूला घे," ते म्हणाले.

ते उतरले, वळसा घालून पुढे गेले आणि मामांच्या खिडकीशी वाकले. रस्त्यात माणसं होती, दुकानांची दारं उघडत होती. दादांनी मान वर केली आणि शाळेच्या मैदानावर बोलायचे त्या आवाजात एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मामा, मी चुकलो. तुम्ही खोटं बोलला नव्हतात."

शेजारच्या दुकानदारानं मान वळवून बघितलं. मामांनी घाईघाईनं दार उघडलं आणि खाली उतरले.

"साहेब, एवढं ओरडू नका," ते म्हणाले. "तोंड दिसलं की मला कळतं."

दादा त्यांच्यासमोर तसेच उभे राहिले. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, या वेळी अगदी हळू, मामांच्या डोळ्यांत बघून.